बॉसच्या अवॉर्डचं नॉमिनेशन म्हणे मीच लिहायचं

अबोली_प | रविवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या कंपनीत (हिंजवडी, यापेक्षा जास्त सांगत नाही) दरवर्षी उत्कृष्ट लीडरचं एक अवॉर्ड असतं आणि त्याचं नॉमिनेशन टीमने आपणहून द्यायचं असतं, मॅनेजरला न कळवता. तर आमच्या डिलिव्हरी हेडनी, त्यांना इथे महाराज म्हणू, शुक्रवारी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, माझ्या पोटात गोळा, आणि म्हणाले की तुझं लिखाण चांगलं आहे, टीमतर्फे माझं नॉमिनेशन तूच लिही, मी काही मुद्दे काढून ठेवलेत. मुद्दे म्हणजे चार पानं! टाइप केलेली!!

त्यात तिसरा मुद्दा मार्चच्या रिलीजचा. मी टेस्टिंग बघते. रिलीजच्या तीन आठवडे आधी मी मेल टाकला होता की पेमेंट अडकलं की सिस्टिम परत प्रयत्न करते आणि कधीकधी पैसे दोनदा कापले जातात, हे असं लाइव्ह जाऊ देऊ नका. मेलला उत्तर नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर "अबोलीला नेहमी काळंच दिसतं" आणि हशा. मग व्हायचं तेच झालं, क्लायंट पेटला, आणि कॉलवर महाराज शांतपणे म्हणाले की दुर्दैवाने माझ्या टेस्टिंग टीमने हे मला सांगितलंच नाही. मी त्याच कॉलवर होते. म्यूटवर. पुढच्या तीन रात्री आम्ही सातजण ऑफिसात, हे पानशेतला रिसॉर्टवर, आणि पुढच्या महिन्यात टाउनहॉलमध्ये स्लाइड, "संकटकाळात मी स्वतः वॉर रूम चालवली." टाळ्या. टाळ्या मीपण वाजवल्या, हे लिहायलासुद्धा लाज वाटते.

खरं सांगू का, नॉमिनेशनपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. त्या कॉलनंतर घरी आले आणि रात्री दोनला उठून लॅपटॉप उघडला, तो मेल मी खरंच पाठवला होता का हे बघायला. होता. तरी सकाळी परत बघितला. सहा वर्षांत माझा माझ्याच आठवणीवरचा विश्वास उडालाय. आधी मी अशी नव्हते हो.

आणि माणूस सरसकट वाईट आहे असंही नाही. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा हॉस्पिटलमध्ये फळांची करंडी आली होती. (त्यानंतर वर्षभर प्रत्येक मीटिंगमध्ये त्या करंडीचा उल्लेखही आला.)

तर प्रश्न दोन. नॉमिनेशन लिहू का? आणि अशा माणसाच्या हाताखाली राहून तुमचं काय झालं?

कांदेपोहे | रविवार, रात्री ११.५२

लिहा बिनधास्त. शेवटी बारीक अक्षरात टाका, "वरील माहिती उमेदवाराने स्वतः पुरवली असून टीम तिच्याशी सहमत असेलच असे नाही."

माणदेशी_गडी | सोमवार, सकाळी ७.१०

ताई तुमचं सगळं पटलं, फक्त एक विनंती, त्याला महाराज म्हणू नका. आमच्याकडं तो शब्द एकाच माणसासाठी आहे आणि त्या माणसानं दुसऱ्यानं मारलेली लढाई आपल्या नावावर लावली नव्हती. दुसरं काहीही म्हणा.

कांदेपोहे | सोमवार, सकाळी ७.२५

बादशहा म्हणू. पत्त्यातला.

अबोली_प | सोमवार, सकाळी ८.०५

मान्य, माफी असावी. आजपासून बादशहा.

शिंपला | सोमवार, सकाळी ९.३०

मी समुपदेशक आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत नोकरदार बरेच असतात म्हणून थोडं लांबण लावते.

पहिलं म्हणजे हल्ली जो तो आपल्या बॉसला, सासूला आणि एक्सला नार्सिसिस्ट म्हणतो, ते जरा जपून. शब्द ग्रीक कथेतल्या नार्सिससवरून आला, पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाच्या प्रेमात पडून झुरलेला तो मुलगा. फ्रॉइडने १९१४ मध्ये यावर निबंध लिहिला, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणून तो आला १९८० मध्ये. आजच्या यादीत नऊ लक्षणं आहेत, त्यातली किमान पाच असली आणि ती आयुष्याच्या सगळ्या अंगांत दिसत असली तरच निदान होतं, तेही माणसाला समोर बसवून. त्याच संघटनेचा १९७३ पासूनचा नियम आहे की ज्याला तपासलेलं नाही अशा प्रसिद्ध व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत द्यायचं नाही. त्यामुळे बादशहाचं निदान मी करणार नाही.

पण विकार नसतानाही स्वभावात हा गुण कमीजास्त असतो, थोडा तर आपल्या सगळ्यांतच. तो जास्त असलेला माणूस वरच्या खुर्चीवर बसला की खालच्यांचं काय होतं ते बघायला निदानाची गरज नाही. माझ्याकडे येतात ती माणसं बॉसची तक्रार घेऊन येतच नाहीत. झोप लागत नाही, रविवारी संध्याकाळी पोटात ढवळतं, साधा मेल पाठवायला अर्धा तास लागतो, असं सांगत येतात. बॉस तिसऱ्या चौथ्या बैठकीत निघतो, तोही "पण चूक माझीच असेल" असं म्हणत. अबोली, रात्री दोनला मेल शोधणं हे फार ओळखीचं आहे मला. तुमची स्मरणशक्ती धड आहे. "असं झालंच नाही" हे सहा वर्षं ठामपणे ऐकलं की कुणाचाही पाय डळमळतो.

मोगरा_नागपूर | सोमवार, सकाळी ९.५५

+१ शिंपला. आमचापण बॉस असाच पूर्ण स्वमग्न होता, सोडून आले एकदाची.

अद्वैतची_आई | सोमवार, सकाळी १०.२०

मोगरा, राग मानू नका पण स्वमग्न हा शब्द मराठीत ऑटिझमसाठी वापरतात. माझा मुलगा स्वमग्न आहे, दहा वर्षांचा, आणि त्याला खोटं बोलताच येत नाही, दुसऱ्याचं श्रेय घेणं तर लांबच राहिलं. तुमच्या बॉसला आत्मकेंद्री म्हणा, आत्मप्रौढ म्हणा, हवं ते म्हणा.

मोगरा_नागपूर | सोमवार, सकाळी १०.३१

अरे देवा, खरंच लक्षात नाही आलं. सॉरी ताई. बदलता येत असतं तर बदललं असतं, आता एडिट होत नाहीये.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, सकाळी १०.४०

आमच्याकडे त्याला सरळ "मीमी" म्हणतात. मीमी साहेब आले का, मीमी साहेब जेवले का. त्याला वाटायचं लाडानं म्हणतात.

जुना_खांब | सोमवार, दुपारी १२.१५

जरा विरुद्ध सूर लावतो. मी १९८८ साली नोकरीला लागलो, बँकेत, आणि आमचे मॅनेजर फाइल अंगावर फेकायचे. अक्षरशः फेकायचे. पण त्या माणसाने आम्हाला घडवलं, आजही त्यांच्या फोटोला नमस्कार करतो. हल्ली जरा कुणी आवाज चढवला की टॉक्सिक, जरा कडक बोललं की मानसिक छळ. साहेब म्हटला की अहंकार असणारच, नाहीतर तो साहेब झालाच नसता. नॉमिनेशन लिहून द्या, चार ओळींनी तुमचं काय जातंय, पुढच्या वर्षी प्रमोशनला कामाला येईल.

चाकण_फाटा | सोमवार, दुपारी १.००

खांबसाहेब, फाइल फेकणारे तुमचे मॅनेजर, त्यांची स्वतःची चूक निघाली तर काय करायचे? हेच विचारायचंय फक्त.

जुना_खांब | सोमवार, दुपारी १.२०

एकदा कॅश टॅली होईना. रात्री नऊपर्यंत आम्हाला झापत होते आणि शेवटी चूक त्यांच्याच व्हाउचरमध्ये निघाली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले की काल गाढवपणा माझा होता, आणि सगळ्यांना भजी मागवली.

चाकण_फाटा | सोमवार, दुपारी १.४५

झालं तर मग! तुमचा साहेब तापट होता, आमचा वेगळा होता. सांगतो.

ऑटो पार्ट बनवणारी कंपनी, मी क्वालिटीत. नवीन प्लांट हेड आले, सूटबूट, पहिल्याच दिवशी तीनशे माणसांसमोर असं भाषण दिलं की आमच्या अंगावर काटा, वेल्डिंगवाला पक्या तर म्हणाला ह्या माणसासाठी जीव देऊ. सहा महिन्यांत तोच पक्या जागेवरून नजर वर करेना. साहेबांना रोज सकाळी बोर्डावर हिरवं पाहिजे. लाल दिसलं की ज्यानं लाल लिहिलं त्याची धुलाई, मशीनची नाही. एकदा एका पोरानं तापमान चुकतंय म्हणून लाइन थांबवली, जी त्याची ड्युटीच होती, तर त्याला सगळ्यांसमोर "तू हिरो झाला का" म्हणून दोन आठवडे स्टोअरला बसवला. त्या दिवसानंतर त्या प्लांटमध्ये लाइन थांबली नाही. बोर्ड हिरवागार. रिजेक्ट माल पेंट शॉपच्या मागं ताडपत्रीखाली जायला लागला, सुपरवायझरला माहीत, मला माहीत, वॉचमनला माहीत, कँटीनच्या मावशीला माहीत, एकट्या साहेबाला माहीत नाही. आणि गंमत अशी की त्याला खरोखरच माहीत नव्हतं! तो हेड ऑफिसला छातीठोकपणे सांगायचा की माझ्या प्लांटला रिजेक्शन शून्याच्या जवळ आलंय, आणि ते सांगताना तो खोटं बोलत नव्हता.

मग कस्टमरचं ऑडिट आलं, पाऊस, वारा, ताडपत्री उडाली. पुढचं सांगत नाही.

नोकरी गेली ती सुपरवायझरची. साहेब दुसऱ्या कंपनीत वरच्या पोस्टवर.

कांदेपोहे | सोमवार, दुपारी १.५२

ताडपत्री उडाली :)))) दादा यावर एकांकिका लिहा.

जुना_खांब | सोमवार, दुपारी २.३०

चाकण_फाटा, मुद्दा पोचला. माझा प्रमोशनवाला सल्ला तात्पुरता मागे घेतो.

आकडेमोड | सोमवार, दुपारी ४.१०

ताडपत्रीवरून आठवलं, यावर प्रयोग झालेला आहे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात २०११ च्या एका अभ्यासात तिघातिघांचे गट केले, एकाला लीडर केलं, आणि प्रत्येकाला वेगवेगळी माहिती दिली, म्हणजे बरोबर निर्णय घ्यायचा तर तिघांनी एकमेकांना सांगणं भाग. ज्या गटांचा लीडर आत्मप्रौढीच्या चाचणीत वरचढ होता तिथे माहितीची देवाणघेवाण कमी झाली आणि निकालही वाईट लागले. पण त्याच गटांतल्या लोकांनी आपल्या लीडरला मार्क मात्र जास्त दिले! रुबाब बघून.

दुसरा एक अभ्यास मला फार आवडतो, चॅटर्जी आणि हॅम्ब्रिक या दोघांचा, २००७ चा. संगणक कंपन्यांच्या १११ सीईओंमधली आत्मप्रौढी मोजायची होती, पण कुठला सीईओ बसून प्रश्नावली भरून देणार? मग यांनी आडून मोजली. वार्षिक अहवालात साहेबांचा फोटो केवढा, कंपनीच्या प्रेस नोटमध्ये त्यांचं नाव किती वेळा, मुलाखतीत "आम्ही"च्या तुलनेत "मी" किती वेळा, आणि पगार दोन नंबरच्या माणसाच्या किती पट. निष्कर्ष असा की अशा सीईओंच्या कंपन्या मोठमोठ्या उड्या मारतात, मोठी खरेदी करतात, कधी फार वर कधी फार खाली, पण सरासरी काढली तर बाकीच्यांपेक्षा सरस नाहीत आणि वाईटही नाहीत.

म्हणजे शेअरहोल्डरला फारसा फरक पडत नाही. झोपाळ्यावर बसून ओकारी येते ती कर्मचाऱ्यांना.

माणदेशी_गडी | सोमवार, दुपारी ४.३५

फोटोच्या साइजवरनं मोजायचं म्हटलं तर आमच्या तालुक्याच्या चौकात या एकदा, वाढदिवसाच्या आठवड्यात. चौदा फुटी फ्लेक्स, मधी भाऊ गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस जणांचे पासपोर्ट साइज मुंडके. शुभेच्छुक म्हणजे कर्मचारी वर्गच धरा.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, दुपारी ४.४१

आणि फ्लेक्सचा मजकूर भाऊनंच व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. अबोलीताईचं नॉमिनेशन म्हणजे तेच, फक्त एसीत.

तात्या_न्यूजर्सी | सोमवार, रात्री ९.०५

इथे अमेरिकेत लॅबच्या धंद्यात असल्यामुळे थेरानोसची गोष्ट आमच्यात फार चघळली गेली, ती चाकणच्या गोष्टीची मोठी आवृत्ती आहे म्हणून लिहितो. एलिझाबेथ होम्सने २००३ मध्ये १९ व्या वर्षी कंपनी काढली, बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात शेकडो टेस्ट करू म्हणून. एके काळी कंपनीची किंमत ९ अब्ज डॉलर धरली जायची. आणि आतली परिस्थिती अशी की त्यांचं स्वतःचं मशीन मोजक्याच टेस्ट करायचं, बाकी टेस्ट बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या मशीनवर चालायच्या, त्यातली काही त्यांनी थेंबभर रक्त चालावं म्हणून खटपट करून बदललेली.

लॅबमधल्या पोरांना हे दिसत होतं. त्यातला एक टायलर शुल्ट्झ, त्याचे आजोबा जॉर्ज शुल्ट्झ, माजी परराष्ट्रमंत्री, कंपनीच्या संचालक मंडळावर. नातवाने आजोबांना सांगितलं की गडबड आहे, तर आजोबांनी नातवावर नाही, होम्सवर विश्वास ठेवला. त्याच्याबरोबरची एरिका चेउंग, नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली, तिने सरकारी यंत्रणेला कळवलं. दोघांच्याही मागे कंपनीचे वकील लागले. ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये बातमी आली आणि डोलारा कोसळायला लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये होम्सला ११ वर्षांवर शिक्षा झाली.

मला त्यात सगळ्यात जास्त काय लागलं तर विभाग एकमेकांशी बोलू शकत नव्हते. या टीमला त्या टीमचं काय चाललंय ते कळू द्यायचं नाही. प्रत्येकाला वाटायचं की माझ्याकडचं चालत नाहीये पण बाकीच्यांकडचं चालत असणार.

शिंपला | सोमवार, रात्री ९.४०

तात्या, माहिती छान, पण ती शिक्षा गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दलची आहे. लबाडी आणि आत्मप्रौढी एकत्र नांदू शकतात पण एकच नव्हेत, आणि तिला मी तपासलेलं नाही :)

तात्या_न्यूजर्सी | सोमवार, रात्री ९.४८

मान्य मान्य. पण कर्मचाऱ्यांचं जे झालं ते तसंच ना. "बाकीच्यांकडचं चालत असणार, मलाच जमत नाहीये."

शिंपला | सोमवार, रात्री ९.५०

हो. ते अगदी तसंच.

गुरुजी_सातपुडा | सोमवार, रात्री १०.३०

हे फक्त कंपनीत असतं असा समज नको. आमच्या शाळेची पाच मुलं शिष्यवृत्तीला लागली. ज्या बाईंनी वर्षभर शाळा सुटल्यावर दोन तास थांबून शिकवलं त्या बाई बातमीच्या फोटोत नाहीत. मुख्याध्यापक मधोमध, मुलं दोन्हीकडे. बाईंनी काही तक्रार केली नाही. यावर्षी शाळा सुटली की त्या पाच मिनिटांत स्टँडवर असतात, बस्स.

एचआरवाली | मंगळवार, सकाळी ११.००

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय, मी एचआरमध्ये बारा वर्षं आहे.

आम्हाला माहीत असतं. कुठल्या टीममधून लोक सारखे जातात, एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये खाजगी कारणं म्हणून काय काय लिहितात, सगळं दिसतं. पण खरं कारण कुणी लिहीत नाही कारण रिलीव्हिंग लेटर आणि उरलेला पगार अडकलेला असतो, नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड त्याच माणसाच्या हाताखाली काढायचा असतो. आणि असा मॅनेजर वरच्यांशी लोण्यासारखा वागतो, आकडे आणतो, त्यामुळे आम्ही फाइल घेऊन गेलो तरी वरून उत्तर येतं की पण डिलिव्हरी तर होतेय ना.

कायद्याचं म्हणाल तर लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे, समिती बसते, तारखा पडतात. पण नुसती मानहानी, श्रेय लाटणं, सतत घालून पाडून बोलणं यासाठी खाजगी नोकरदाराला सरळ दार ठोठावता येईल असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

अबोली, एक कामाचं सांगते. पुरावा म्हणून ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर अजिबात फॉरवर्ड करू नका. उलट तुमच्यावरच डेटा बाहेर नेला म्हणून कारवाई होते, डोळ्यांसमोर झालेलं बघितलंय. घरी एक साधी वही ठेवा, तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण हजर होतं. आणि तोंडी काही ठरलं की लगेच ऑफिसच्याच मेलवर दोन ओळी टाका, "आत्ता बोललो त्याप्रमाणे मी हे हे करतेय." त्याला ते आवडणार नाही, पण त्यात आक्षेप घेण्यासारखंही काही नसतं.

तोक्योचा_पाहुणा | मंगळवार, दुपारी २.१५

जपानमध्ये यासाठी शब्दच आहे, "पावाहारा", म्हणजे पॉवर हरासमेंटचं आखूड रूप. जून २०२० पासून मोठ्या कंपन्यांना ते रोखण्याची व्यवस्था करणं कायद्याने सक्तीचं केलंय, तक्रार ऐकायला माणूस नेमायचा वगैरे, २०२२ पासून छोट्या कंपन्यांनाही. म्हणून थांबलंय का, तर नाही. पण आमच्या ऑफिसात ट्रेनिंग झाल्यापासून साहेब लोक ओरडण्याआधी एक सेकंद थांबतात, एवढा फरक मी पाहिला.

कांदेपोहे | मंगळवार, दुपारी २.२०

पावाहारा ऐकून मला भूक लागली. सोबत मिसळ असावी असं वाटतं.

घरचा_गडी | मंगळवार, रात्री १०.५०

कुणी घरच्यांचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझी बायको चार वर्षं अशा एका बाईच्या हाताखाली होती. हो, बाई. घरी आल्यावर जेवताना ती मला दिवसभराचा प्रसंग सांगायची आणि शेवटी विचारायची, तूच सांग, मी चुकले का? सुरुवातीला मी नाही म्हणायचो. मग हळूहळू मला कंटाळा यायला लागला आणि एक दिवस मी म्हटलं, असेल गं तुझंपण काहीतरी चुकत. त्यानंतर तिने सांगणं बंद केलं. मला वाटलं प्रॉब्लेम मिटला. सहा महिन्यांनी भाजी करपली म्हणून मी सहज काही बोललो तर ती मला कारणं द्यायला लागली, वेळ किती वाजता होती, गॅस किती होता, फोन कुणाचा आला होता, सगळं क्रमवार, जसं काही मी तिची चौकशी करतोय. करपलेल्या भाजीसाठी. मी गॅस बंद केला आणि म्हटलं उद्या राजीनामा टाक, ईएमआयचं मी बघतो. तीन महिने ओढाताण झाली. नवीन ठिकाणी जाऊन आता दोन वर्षं झाली, पण बॉसचा फोन आला की अजून उभी राहून बोलते.

मोगरा_नागपूर | मंगळवार, रात्री ११.०५

उभी राहून बोलते... मीपण. आज पहिल्यांदा कळलं की मीपण.

माजी_बादशहा | बुधवार, पहाटे १.३०

नवीन आयडी काढून लिहितोय, कारण जुन्या आयडीने इथे बरेचजण ओळखतात.

मी तो बॉस होतो. चाळीस जणांची टीम. मला प्रामाणिकपणे वाटायचं की ही माणसं माझ्यामुळे उभी आहेत. कुणी बरं काम केलं की वाटायचं मीच शिकवलं, वाईट केलं की वाटायचं माझं ऐकलं नाही. मीटिंगमध्ये माझ्या विनोदांवर सगळे हसायचे म्हणून मी विनोदी आहे असं समजत होतो.

२०१९ च्या पावसाळ्यात मला डेंगी झाला, पंधरा दिवस हॉस्पिटल, फोन बायकोने काढून घेतला. परत आलो तर रिलीज झालेलं, वेळेत, एकही बग नाही. आणि मला राग आला. आनंद नाही, राग. कुणी फोन का नाही केला, मला न विचारता कसं केलं. एका ज्युनिअर मुलीला मी त्या रागात फार बोललो, तिने एका अक्षराने उत्तर दिलं नाही, फक्त वहीत काहीतरी लिहिलं. रात्री घरी आल्यावर विचार केला की मला नक्की राग कशाचा आलाय, आणि त्याचं उत्तर इतकं घाणेरडं होतं की ते इथे लिहीत नाही, तुम्हाला कळलंच असेल.

त्या मुलीची मी माफी मागितली का? नाही मागितली. ती तीन आठवड्यांत गेली. आता मी पाच जणांची टीम बघतो आणि मीटिंगमध्ये शेवटी बोलतो. जमतं असं नाही, काल परत कुणाचंतरी वाक्य तोडलं.

चाकण_फाटा | बुधवार, सकाळी ६.४०

साहेब, लिहिलंत हे बरं केलं. पण एक विचारतो. पंधरा दिवसांच्या आधीसुद्धा कुणीतरी तुम्हाला खरं सांगायचा प्रयत्न केला असेलच ना? त्याचं काय केलं होतं तुम्ही?

माजी_बादशहा | बुधवार, सकाळी ८.१५

स्टोअरला बसवलं होतं. आमच्याकडे स्टोअरला डॉक्युमेंटेशन म्हणतात.

एचआरवाली | बुधवार, सकाळी ९.००

माफी अजूनही मागता येते. ती मुलगी लिंक्डइनवर असेल.

माजी_बादशहा | बुधवार, सकाळी ९.४०

आहे. रोज प्रोफाइल उघडून बंद करतो.

कांदेपोहे | बुधवार, सकाळी ९.४४

मग तिला रोज "यांनी तुमचं प्रोफाइल पाहिलं" असं जात असणार. बिचारीची परत झोप उडाली असेल, एकदाचं लिहून टाका हो.

आकडेमोड | बुधवार, दुपारी ३.००

अवांतर बरंच झालं. अबोलीताई कुठे आहेत? नॉमिनेशनची शेवटची तारीख कधी होती?

अबोली_प | शुक्रवार, रात्री १०.२०

आले आले. सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा, घरचा_गडी यांचा नवऱ्यालाही वाचून दाखवला, तो काही बोलला नाही, उठून चहा करून आणला.

एचआरवाली, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर आधी घाम फुटला कारण माझ्या जीमेलमध्ये "पुरावे" नावाचा फोल्डर होता. आता नाही. वही आणलीय.

तर नॉमिनेशन. मी लिहिलं. खोटं एक अक्षर न लिहिता लिहायचं ठरवलं, म्हणून सगळं वाक्य आम्ही, आम्हाला, टीमने असं. "मार्चमध्ये टीमने तीन रात्री जागून दुरुस्ती केली. आम्हाला त्यातून खूप शिकायला मिळालं. आम्ही साहेबांचे आभारी आहोत." मूळ इंग्लिशमध्ये होतं, पण अर्थ हाच. बुधवारी पाठवलं. गुरुवारी सकाळी परत आलं, निरोप होता की छान आहे पण इम्पॅक्ट कमी वाटतो, मी थोडं पॉलिश केलंय, असंच्या असं सबमिट कर, एक शब्द बदलू नकोस.

उघडून बघते तर त्यांनी जिथे जिथे "आम्ही" आणि "टीम" होतं तिथे "मी" केलेलं. बहुतेक एकदमच बदलून टाकलं असावं, वाचून न बघता. त्यामुळे आता ते असं वाचायला मिळतं, "मार्चमध्ये मी तीन रात्री जागून दुरुस्ती केली. मला त्यातून खूप शिकायला मिळालं. मी साहेबांचा आभारी आहे. साहेबांच्या मार्गदर्शनाशिवाय मला हे शक्य झालं नसतं." खाली सही, डिलिव्हरी टीम.

मी त्यांना मेल टाकला, "आपण सांगितल्याप्रमाणे एकही शब्द न बदलता सबमिट करत आहे." उत्तर आलं, अंगठा.

केलं सबमिट.

चाकण_फाटा | शुक्रवार, रात्री १०.२८

ताडपत्री उडाली!!!

वऱ्हाडी_ठेचा | शुक्रवार, रात्री १०.३०

मी साहेबांचा आभारी आहे 😂😂 मीमी साहेब अमर रहे

जुना_खांब | शुक्रवार, रात्री १०.५५

हसून हसून ठसका लागला, सौ. विचारतेय काय झालं. पण अबोली, गंमत बाजूला ठेव, हे कमिटीने वाचलं तर तो खापर तुझ्यावरच फोडणार. दुसरी नोकरी बघायला लागलीस की नाही?

अबोली_प | शुक्रवार, रात्री ११.०२

मंगळवारी इंटरव्ह्यू आहे काका. आणि तो अंगठ्याचा मेल आहे ना, रात्री दोनला उठून बघितला नाही. आहे तो तिथे.

आकडेमोड | शुक्रवार, रात्री ११.१०

ऑल द बेस्ट! पण संशोधनाच्या दृष्टीने एक शंका राहिली. फॉर्मवर फोटो जोडायचा होता का?

अबोली_प | शुक्रवार, रात्री ११.१४

हो. "टीमचा फोटो जोडा" असं होतं.

आकडेमोड | शुक्रवार, रात्री ११.१५

मग?

अबोली_प | शुक्रवार, रात्री ११.१६

त्यांचा एकट्याचा. पानशेतचा. गॉगल लावून.